पिंजऱ्यात सापडेल तो

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या शिवारात बिबट्या नुसता दिसला तरी फोन खणखणतात. शेळी उचलली तर वनरक्षक येतो, ठसे पाहतो, ऊस गोठ्यापासून किती लांब ते बघतो, पंचनामा लिहितो. आज बांधावर दिसला तो उद्या गोठ्यात शिरणार, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.

दवाखान्यात उलटं. एकाच खणात सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूल. रात्रपाळीची सिस्टर इंजेक्शन भरते, पेशंटचा दंड पुसते, ऐनवेळी लेबलवर नजर जाते. ‘वाचलो बाई!’ भरलेली सिरिंज कचऱ्यात आणि सीनियरचा सल्ला कानात : ‘कुठे बोलू नकोस, मेमो मिळेल.’ अँप्यूल पुन्हा त्याच खणात, दिवसपाळीसाठी.

सल्ला खोटा नाही, हीच पंचाईत. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षाच्या आगीत 10 बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच महिन्याच्या शेवटी यवतमाळच्या घाटंजी तालुक्यात 12 मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. ती बाटली हातात आलीच कशी, यापेक्षा निलंबित कोण झालं याचीच चर्चा जास्त. मग 6 नोव्हेंबरला, आपल्या ओतूरवरून जाणारा रस्ता जिथे पोचतो त्या नगरला, जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. 11 रुग्ण गेले. तीन दिवसांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका अटकेत. ऑडिटच्या फायलींच्या मापाच्या बेड्या अजून निघालेल्या नाहीत.

जुन्नरकरांना हा खेळ पाठ आहे. ओरड झाली की पिंजरा लागतो, एक बिबट्या सापडतो. हल्ला करणारा हाच का, असं विचारणारा आगाऊ ठरतो. जनावर माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राकडे रवाना, लोक शांत. उसात दुसरा असतोच.

वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन नंबर लोकांच्या तोंडी आहे. औषधाने अपाय झाला तर कळवायला 1800-180-3024 आहे, तोही फुकट, पेशंटलासुद्धा फिरवता येतो. तो मेडिकलच्या काचेवर लावायला काय हरकत आहे? गोरं करणाऱ्या क्रीमशेजारी जागा निघेल.

दवाखान्यात गुणवत्तेच्या तपासणीसाठी घटना-नोंदीचं रजिस्टरही असतं. पानं कोरी करकरीत. महिनाअखेरीस ‘निरंक’, खाली झोकदार सही. बिबट्यांबाबत असा अहवाल ओतूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाने एकदा पाठवून बघावा. दुपारच्या आत आळेफाट्याला रास्ता रोको होईल.