आनंदसागरातील दोन व्याही

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती रचलेले आणि तिकीट काढून आत जाण्याचे करमणुकीचे उद्यान, ही व्याख्या १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडलेल्या डिस्नेलँडला, १९८९ साली मुंबईच्या गोराई भागात आलेल्या एस्सेलवर्ल्डला आणि २०१३ साली खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकाला सहज लागू पडते. परंतु वऱ्हाडातील, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघालेला वाशीम या जिल्ह्यांतील कुटुंबे ज्या उद्यानाकडे मुलाबाळांसह लोटली, त्या शेगावच्या आनंदसागरला ती लावू गेल्यास अभ्यासक अडखळतो. येथे कोणी उलटे लटकून किंचाळत नव्हते. श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेल्या या उद्यानाची मध्यवर्ती कल्पना अध्यात्माची असल्यामुळे प्रवेशाशी राक्षसाच्या जबड्याऐवजी निरनिराळ्या प्रांतांतील संतांच्या मूर्ती भेटत, आणि तळ्यातल्या बेटावर ध्यानकेंद्र होते, जेथे मुलांना गप्प बसवण्याचा प्रयोग पालक मोठ्या आशेने करीत. हे उद्यान पुढे काही वर्षे बंद राहिले. प्रस्तुत निरीक्षणे त्याच्या भरभराटीच्या काळातील सहलींची, आणि त्यातही केवळ पहिल्या संध्याकाळची आहेत.

ही सहल सहसा एका घराची नसे. अमरावतीची मुलगी अकोल्यास दिलेली असली, की दोन्ही घरे मिळून निघत, आणि त्यामुळे प्रत्येक तुकडीत दोन व्याही, वऱ्हाडी बोलीत इवाई, असत. प्रवासाला इंधन, शिदोरी आणि तक्रार या तीन गोष्टी लागतात; पैकी पहिल्या दोन्ही घरून निघताना पुरेशा घेतलेल्या असतात आणि तिसरी वाटेत मिळेल असा विश्वास असतो. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत हा विश्वास एकदाही खोटा ठरत नसे. उद्यानाच्या दारातून आत पाऊल पडताच मात्र हा पुरवठा अकस्मात तुटे.

त्याचे पहिले कारण पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील ज्या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असून विहीर खणूनही शेत ओलिताखाली आणणे कठीण जाते, त्यास खारपाणपट्टा म्हणतात, आणि तो अमरावती, अकोला व बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. अशा मुलखातील मनुष्य तळ्याकाठी उभा राहिला, की त्याला नौकाविहार सुचत नाही, हिशेब सुचतो. “काहून बाप्पा, इतकं पानी आनलं कुठून?” या प्रश्नाने आरंभ झालेली चर्चा लवकरच एवढ्या पाण्यात किती एकर पऱ्हाटी भिजेल यावर येई, वरुड-मोर्शीकडे नातेसंबंध असलेला व्याही कापसाचा विचार बाजूस सारून संत्र्याची झाडे मोजू लागे, आणि सूर्य मावळेपर्यंत संपूर्ण तळे कागदाविना दोन कल्पित बागाइतदारांत वाटले जाई. या वेळात मुले झोपाळ्यांकडे पोहोचून परतही आलेली असत.

दुसरे आणि अधिक गंभीर कारण सेवाधारी हे होते. सेवाधारी म्हणजे वेतन न घेता ठरावीक काळ संस्थानात काम करणारा भक्त; तो येणाऱ्या प्रत्येकास, मग ते वय वर्षे सहा असो की सत्तर, “माउली” म्हणून हाक मारतो. ज्या गृहस्थाने बसचा वाहक, रेल्वेचा हमाल आणि रसवंतीवाला यांच्याशी दिवसभर यशस्वी वाद घातलेला आहे, त्याला “माउली, रांग इकडून आहे” असे हात जोडून सांगितले गेले, तर त्याच्या घशात तयार असलेले वाक्य कोठे ठेवावे हे त्याला कळत नाही. स्वच्छतेनेही अशीच कोंडी होई. वाळलेले पानसुद्धा न दिसणाऱ्या त्या वाटांवर भुईमुगाच्या शेंगांची टरफले टाकण्याचे धैर्य कोणास होत नसे. ती सदऱ्याच्या खिशात साठत, आणि दीड तासात अकोल्याच्या व्याह्यांचा उजवा खिसा डाव्यापेक्षा ठळकपणे फुगलेला दिसे.

उद्यानातली छोटी आगगाडी मुलांसाठी असली, तरी तिच्यात गांभीर्याने बसणारे प्रवासी साठीपुढचे असत. याचे मूळ शकुंतलेत आहे. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ही गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती, आणि तिच्या संथपणाविषयी वऱ्हाडात जितके विनोद झाले तितके प्रवासी तिने क्वचितच एका वेळी वाहिले असतील. त्यामुळे खेळातल्या गाडीने पहिले वळण घेताच “इवाई, हे तं आपल्या शकुंतलेपक्षा जोरात पयते!” असा उद्गार निघे, आणि त्यात उपहासापेक्षा अभिमान अधिक असे.

बाहेरची तक्रार अशी आटली, की माणसे घरातल्या साठ्याकडे वळतात. अमरावती आणि अकोला यांतील श्रेष्ठ कोण, हा वाद अशा वेळी उघडला जाई. अमरावती विभागाचे मुख्यालय, १८९७ सालचे काँग्रेस अधिवेशन तेथेच भरलेले, हा एका पक्षाचा मुद्दा. मुंबई-नागपूर मुख्य लोहमार्ग अकोल्यातून जातो आणि अमरावतीकरास मात्र बडनेऱ्याहून फाट्याच्या गाडीने घरी जावे लागते, हा दुसऱ्याचा. पंजाबराव देशमुख जन्माने अमरावती जिल्ह्याचे, पण त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात झाले, तेव्हा त्यांना दोन्ही बाजू साक्षीला बोलावीत. शेवटी अकोलेकर हुकमाचे पान टाकी: लोकमान्य टिळक शिवजयंतीच्या सभेसाठी अकोल्यास आले होते, आणि ती सभा दासगणूंच्या ‘गजानन विजय’ या पोथीतच आहे. शेगावच्या भूमीवर पोथीचा दाखला म्हणजे अंतिम निवाडाच. टिळकांचे स्नेही दादासाहेब खापर्डे अमरावतीचे, हे उत्तर तेथे दुबळे ठरे, आणि पराभव दिसू लागताच अमरावतीकराची नजर त्या फुगलेल्या खिशावर स्थिरावे.

“टिळकायनं टरफलं उचलली नव्हती, अन् तुमी तं खिशात भरून रायले!”

यावर प्रतिवाद शक्य नव्हता. तो सुचण्याआधीच जवळचा सेवाधारी येऊन “माउली, कचरापेटी तिकडे आहे” असे नम्रपणे सांगे, आणि विजयी व पराजित असे दोघेही रिकाम्या हातांनी व भरलेल्या खिशांनी तिकडे चालू लागत; कारण खिसा अमरावतीचाही भरलेला असे, केवळ उपरणे वरून घेतलेले असल्याने तो दिसत नसे.

विहिणींचा उल्लेख येथवर आला नाही, याचे कारण त्या या काळात उद्यान पाहत होत्या. ध्यानकेंद्र, मूर्ती, झोपाळे आणि मुलांचे खाणे हे सर्व उरकून, उद्या घरी न्यायच्या शेगाव कचोरीची संख्याही ठरवून त्या भक्तनिवासात परतत, आणि भक्तनिवास म्हणजे यात्रेकरूंसाठी संस्थानाने बांधलेल्या खोल्या, तेथे गाद्यांवर बसून दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम जाहीर करीत: दर्शनाची रांग लहान असते, तेव्हा सर्वांनी पहाटे चारला उठावे.

“चार वाजता? काहून?” हे दोन्ही व्याही त्या दिवसात प्रथमच एका सुरात म्हणत, आणि मग दिवा मालवल्यावरही बराच वेळ दोघांचे चांगले जमे.