वीतभर अंतर

आपली सावली कुठे पाडावी, हा प्रश्न माणसाला सहसा पडत नाही. ती आपली आपण पडते. मला तो प्रश्न निवृत्तीनंतर पडला, आणि त्याला निमित्त झाला पुतणीच्या साखरपुड्यातला एक फोटो. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून, कॅमेरा उभा धरून, झूम करून मी आत्याबाईंना टिपलं होतं. फोटोत त्यांच्या कानाला लागून भिंतीवर दुसऱ्या आत्याबाई उभ्या होत्या, संपूर्ण काळ्या. आणि खऱ्या आत्याबाईंचे डोळे लालभडक. "मी चिडले नव्हते रे त्या दिवशी," असं त्या अजूनही भेटेल त्याला सांगतात.

दोष माझा नव्हता, भूमितीचा होता. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. कॅमेरा आडवा असेल तर ठीक, पण उभा धरला की फ्लॅश डोक्यावरून कानाशी येतो आणि माणसाची सावली बाजूच्या भिंतीवर फेकतो. डोळ्यांचंही तसंच. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. लेन्सच्या जवळून गेलेला उजेड आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या रक्ताने भरलेल्या पडद्यावर आपटतो आणि आला तसा लाल होऊन परततो. यावर एक उपाय म्हणजे फ्लॅशला लेन्सपासून जरा लांब उभं करायचं. त्यासाठी जी धातूची पट्टी मिळते तिला ब्रॅकेट म्हणतात.

ब्रॅकेट सावली नाहीशी करत नाही, हे मला आधी माहीत नव्हतं. फ्लॅश लेन्सच्या बरोबर वर नेला की सावली माणसाच्या पाठीमागे खाली जाते, जिथे कॅमेऱ्याला ती दिसत नाही. पाहुणे आले की आपण पसारा पलंगाखाली ढकलतो, तसं. घर आवरलेलं नसतं, पण पसारा फोटोत येत नाही.

मार्गशीर्षात कोकणात दशावतार बघायला जायचं ठरलं होतं. रात्रभर चालणारा खेळ, अंधार, माणसांचे चेहरे. म्हणजे ब्रॅकेट आलंच. मी हा सगळा विषय सौ.ला चहाच्या दोन कपांच्या मदतीने समजावला. एक कप लेन्स, दुसरा फ्लॅश. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अहो, मग तो फ्लॅश हातात लांब धरला तर नाही का चालणार?"

मी पंधरा मिनिटं घेऊन ते कसं चालणार नाही हे सिद्ध केलं. एका हाताने कॅमेरा हलतो, फोकस जातो, वगैरे. चहा दोन्ही कपांतला गार झाला.

मग मी बोरा बाजारात गेलो. फोर्टातल्या त्या गल्लीत कॅमेऱ्याचं नवं-जुनं काय वाटेल ते मिळतं. काउंटरमागच्या गृहस्थांनी मला एकदा आपादमस्तक पाहिलं. "साहेब, लग्नाच्या ऑर्डरी करता की फिरायला जाता?"

"फिरायला."

"मग घोडं तिथेच पेंड खातं," ते म्हणाले आणि तीन नमुने समोर मांडले.

पहिली नुसती सरळ पट्टी. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसते आणि फ्लॅश डाव्या बाजूला मुठीवर उभा राहतो. पूर्वी लग्नात फोटोग्राफर दांड्याचा भलामोठा फ्लॅश असाच लावायचे, खांद्याला बॅटरीची पिशवी अडकवून. अंतरपाट दूर झाला की पहिला लखलखाट त्याचा. असल्याच एका जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या, ग्राफ्लेक्सच्या, फ्लॅशचा दांडा १९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये ल्यूक स्कायवॉकरच्या हातातली प्रकाशाची तलवार झाला, हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा नमुना पुढे केला.

दुसरी घडीची. मिटली की चष्म्याच्या घराएवढी. पण उघडून फ्लॅश लावला की लग्नातल्या आजोबांसारखी मान डुलवायची. तिसरी खरी फिरकीची: कॅमेरा उभा करा, आडवा करा, दांडा फिरवला की फ्लॅश पुन्हा लेन्सच्या डोक्यावर. काम चोख, फक्त नाकापेक्षा मोती जड. शिवाय पट्टी बसवली की बॅटरीचं झाकण तिच्याखाली जायचं. बॅटरी संपली की आधी ब्रॅकेट सोडवा, मग झाकण उघडा, मग पुन्हा सगळं आवळा. तोवर नवरीची पाठवणी होऊन जाईल.

"आणि ही वायर," ते म्हणाले. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तसली पिळाची वायर. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरला की दोघांचं बोलणं तुटतं; ते चालू ठेवायला ही लागते. म्हणजे वेगळं राहायचं, पण फोन करायचा. मुलगा हिंजवडीला राहायला गेल्यापासून ही योजना आमच्या घरी चांगली चालली आहे.

सगळ्यांच्या बुडाला स्क्रू मात्र एकच, पाव इंचाचा, इंचाला वीस आटे. कॅमेरा जपानी असो की जर्मन, मिलिमीटरमध्ये जगणारी ही मंडळी इथे मुकाट्याने इंचात येतात. जगात एवढं एकमत दुसऱ्या कुठल्या बाबतीत झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

निघताना गृहस्थ म्हणाले, "एक सांगून ठेवतो. याने उजेड मऊ होत नाही, फक्त सरकतो." घरी येऊन मी कागदावर आकृती काढली. फ्लॅश सहा इंच वर आणि माणूस दहा फुटांवर, म्हणजे कोन जेमतेम तीन अंशांचा. माणूस चार फुटांवर आला तर सात. एवढ्यासाठी मी फिरकीचं ब्रॅकेट घेतलं होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते ४३० ग्रॅम भरलं. कोकणात जायचं होतं विमानाने, आणि विमानात हातातल्या सामानाची मर्यादा ७ किलो. त्यातून ब्रॅकेट वजा करून सौ.ने माझा स्वेटर बाहेर काढला.

सुरक्षा तपासणीत बॅग दोनदा यंत्रातून गेली. "हे काय आहे?" मी दांडा फिरवून दाखवला. मागच्या रांगेने एक पाऊल मागे घेतलं.

जत्रेच्या गावी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. देवळासमोर खाजाची दुकानं, गॅसबत्त्यांच्या जागी आता एलईडीचे पांढरे दिवे. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच शयनगृह. दशावतारात संहिता हातात नसते. कथा ठरलेली असते, संवाद नट जागच्या जागी बोलतो. तोंड रंगवायला वेगळा माणूसही नसतो. प्रत्येक जण आपला आरसा मांडून बसतो आणि आपला चेहरा आपणच करतो.

मला रंगपटात जायची परवानगी मिळाली. मी ब्रॅकेट आवळलं, वायर जोडली, पट्टी तपासली. समोर एक नट मांडी घालून बसला होता. थोड्या वेळाने तो द्रौपदी होणार होता. आत्ता फक्त अर्धा चेहरा झाला होता, दुसरा अर्धा शेतकऱ्याचा. मी बटण दाबलं. लख्ख. ब्रॅकेटने आपलं काम केलं: सावली नव्हती, डोळे लाल नव्हते. पण चेहरा भाकरीसारखा सपाट आला. जिथून मी बघत होतो, जवळजवळ तिथूनच उजेडही गेला होता, आणि त्यामुळे मला आधीपासून ठाऊक होतं तेवढंच त्यात दिसत होतं.

त्याने डोळे मिचकावले. "ओ, तो उजेड जरा हयसर धरा. माका आरसो दिसणा नाय."

आता फ्लॅशचा उजेड धरून ठेवता येत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो येतो आणि जातो. एवढ्यात कुणी भुवई काढू शकत नाही. हे त्याला कसं समजवावं, या विचारात मी असतानाच सौ. पुढे झाली. तिने मोबाइलची बॅटरी लावली, पदर आवरून त्याच्या बाजूला बसली आणि हात लांब करून उजेड आरशाच्या वर धरला. पांढऱ्या भिंतीवरून तो मऊ होऊन त्याच्या गालावर उतरला. भुवईची रेघ ओढताना त्याने श्वास रोखला होता. अर्धी द्रौपदी, अर्धा शेतकरी, आणि दोघांच्या मधोमध नाकाची बारीक सावली.

मी फ्लॅश बंद केला आणि फोटो घेतला. ब्रॅकेट कॅमेऱ्याला लटकलेलंच होतं. सोडवायला वेळ नव्हता.

तो फोटो आता दिवाणखान्यात आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात आणि विचारतात, "काय सुंदर लाइट आहे! कसा दिला?"

"थोडा लांबून, बाजूने," मी सांगतो. यात खोटं काहीच नसतं. तरीही स्वयंपाकघरात कुणीतरी कपावर कप आपटतं.