सतरा सेंटिमीटरचा मोठेपणा

लहान वस्तू मोठीपेक्षा स्वस्त मिळावी, अशी गिऱ्हाइकाची साधी अपेक्षा असते. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डाने ती धुडकावून लावली आहे. 2001 साली तैवानच्या व्हिया कंपनीने 170 मिलिमीटर लांब आणि तितकाच रुंद असा मिनी-आयटीएक्स बोर्ड काढला, तेव्हा तो बिचारा कमी विजेवर चालणाऱ्या किरकोळ कामांसाठी होता. पुढे तो हौशी मंडळींच्या दृष्टीस पडला आणि त्याचे दिवस पालटले. आज एकाच चिपसेटचे दोन बोर्ड शेजारी ठेवले, एक हा आणि दुसरा 244 बाय 244 मिलिमीटरचा मायक्रो-एटीएक्स, तर क्षेत्रफळात निम्म्याहून कमी असलेला मिनी-आयटीएक्सच बहुधा महाग निघतो. रॅमचे स्लॉट दोनच, ग्राफिक्स कार्डासाठी मोठा स्लॉट एकच, पंख्यांच्या पिना मोजक्या, आणि बिल मात्र वाढीव. याला कारणही आहे. तेवढ्याशा जागेत सगळी तारकामं बसवायची तर बोर्डाचे थर वाढवावे लागतात, आणि असे बोर्ड खपतातही कमी. कारण पटतं. पण कारण पटलं म्हणून खिसा भरत नाही.

आता हा बोर्ड परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला आणून ठेवू. पहिला प्रश्न कोणीही विचारील, की मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये टेबल ठेवायला जागा नसते हे समजलं, पण वालूरला जागेची काय टंचाई? टंचाई आहे, पण ती घरात नाही. ती ऑनलाइन सेवा देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर आहे. तिथे प्रिंटर असतो, लॅमिनेशनचं मशीन असतं, अंगठा घ्यायचं यंत्र असतं, खाली इन्व्हर्टरची बॅटरी असते, आणि उरलेल्या जागेवर पाच-सहा गिऱ्हाइकांची कोपरं असतात. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, सगळं त्या एका काउंटरवरून जातं. तिथे उभा, अवाढव्य कॅबिनेट ठेवणं हा गिऱ्हाइकांच्या कोपरांवर अन्याय आहे. तेव्हा लहान कॉम्प्युटर हवा, हे मान्य. वाद आहे तो किती लहान, एवढ्याचाच. माझं म्हणणं असं, की बोर्ड इतपतच लहान असावा, की आत माणसाचा हात पोचेल आणि बिघडलेला भाग तालुक्याला मिळेल. यापुढे जो लहानपणा आहे त्याला मी मोठेपणा म्हणतो, आणि तो परवडत नाही.

आधी उन्हाचा हिशेब करू. प्रोसेसर किती तापतो हे त्याच्याभोवतीची हवा किती तापलेली आहे यावर ठरतं. खोलीचं तापमान वीस अंशांनी चढलं की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण वीस अंशांनी जास्त तापतो. छोट्या कॅबिनेटची कौतुकं बहुतेक एसी लावलेल्या खोलीत लिहिली जातात. तिथे बावीस अंशांवर जो प्रोसेसर सत्तरला सुखाने बसलेला असतो, तो मे महिन्यात पत्र्याखालच्या बेचाळीस अंशांत नव्वदच्या घरात जातो. शंभरच्या आसपास गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. याला तंत्रज्ञ संरक्षण म्हणतात. पीकविम्याची मुदत संपायच्या दिवशी रांगेत उभा असलेला शेतकरी दुसरंच काहीतरी म्हणतो. दोष एकट्या बोर्डाचा नाही, हे खरं. पण मिनी-आयटीएक्स बोर्ड घेणारा माणूस त्याला शोभेल असं चिमुकलं कॅबिनेट घेतल्याशिवाय राहत नाही, त्या कॅबिनेटात उंच कूलर मावत नाही, आणि बुटका कूलर परभणीच्या उन्हासाठी जन्मलेला नसतो.

मग एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. चिमुकल्या कॅबिनेटला बहुधा एसएफएक्स नावाचा लहान एसएमपीएस लागतो. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस जिल्ह्याच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात मिळतो, ओळखीच्या दुकानदाराकडे तर जुना, तात्पुरता म्हणूनही मिळतो. एसएफएक्स मागितला की दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग मोबाइलमध्ये बघतो आणि मुंबईहून मागवावा लागेल असं सांगतो. म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार. सेलूहून मुंबईला गाडी आहे, हे मान्य. पण व्होल्टेजच्या एका झटक्याने उडालेल्या भागासाठी रात्रभराचा प्रवास असणं, याला छोटा कॉम्प्युटर कसं म्हणायचं? त्याचा पसारा वालूरपासून ग्रँट रोड स्टेशनपर्यंत आहे.

लहानपणाला अशी नावं ठेवली की एक हरकत हमखास येईल, आणि ती वालूरचाच माणूस घेईल. तो म्हणेल, आमच्या गावची बारव बघा. इतर बारवांना सरळ उतरत जाणाऱ्या पायऱ्यांसाठी लांबच लांब जागा लागते. आमच्या बारवेच्या पायऱ्या वळत वळत खाली उतरतात. थोड्या जागेत मोठं काम बसवणं आमच्या मातीतच आहे, मग बोर्डाला का नावं ठेवता? हरकत बिनतोड वाटते. पण तीच बारव माझ्या बाजूने साक्ष देते. ती गाळाने आणि झाडझाडोऱ्याने भरली होती आणि गावकऱ्यांनी ती साफ केली. साफ करता आली, कारण बांधणाऱ्याने जागा वाचवताना पायऱ्या वाचवल्या नाहीत. माणूस तळापर्यंत उतरू शकत होता. मिनी-आयटीएक्सवर एसएसडीचा एक स्लॉट पुष्कळदा बोर्डाच्या पाठीमागे असतो. ती एसएसडी बदलायची तर कूलर काढा, वायरी काढा, चार स्क्रू काढा, बोर्ड उचला, आणि परत लावताना एक स्क्रू आत पडला की तो हुडका. मळणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वालूरच्या हवेत काय काय उडतं ते ज्याने पाहिलंय, त्याला महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअर मारणं चुकत नाही हे सांगायला नको. ब्लोअरचं नळकांडं आत शिरायला तरी वाट हवी.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: बोर्ड निवडायचाच कशाला, तळहातावर मावणारा तयार मिनी पीसी घ्यावा. ज्याला फक्त फॉर्म भरायचे आणि प्रिंट काढायच्या आहेत, त्याने खुशाल घ्यावा. माझा युक्तिवाद तिथे थोडा लंगडतो हे मी कबूल करतो. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की त्यातला प्रोसेसर बहुधा बोर्डाला कायमचा डकवलेला असतो, त्यामुळे एक बिघडलं की दोन्ही गेले. शिवाय या जातीची भिस्त पूर्णपणे कंपनीवर. असे डबे लोकप्रिय करणाऱ्या इंटेलनेच 2023 साली आपला एनयूसीचा धंदा थांबवला आणि तो आसुसकडे गेला. मायक्रो-एटीएक्सचं माप 1997 पासून आहे तेच आहे. कंपन्या बदलोत, सरकारं बदलोत, स्क्रूची भोकं जागच्या जागी.

अर्थात मायक्रो-एटीएक्सचंही सगळं सरळ नाही. 244 हे त्याचं कमाल माप. स्वस्त बोर्ड बरेचदा त्याहून अरुंद निघतात. अशा बोर्डाला कडेच्या रांगेतले स्क्रू मिळत नाहीत, रॅम दाबून बसवताना ती कड लवते आणि बसवणाऱ्याचा जीवही. खाली बोटाचा आधार द्यावा. चार रॅम स्लॉटांच्या आशेने घेतला आणि दोनच निघाले, असंही होतं. फोटोत मोजून घ्यावेत. लहान मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट वीस-पंचवीस लिटरचं मिळतं. कॉम्प्युटर लिटरमध्ये मोजायची पद्धत मराठवाड्याने हसत स्वीकारावी अशी आहे, कारण इथे पंचवीस लिटर म्हणजे काय हे उन्हाळ्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मिनी-आयटीएक्स कोणी घ्यावा, तर वालूरहून पुण्याला शिकायला जाणाऱ्याने, ज्याला कॉम्प्युटर दर सुट्टीत सॅकमध्ये घालून एसटीने आणायचा-न्यायचा आहे. त्याचा तो हक्क आहे, आणि एसएमपीएस उडालाच तर त्याच्या आवाक्यात पुण्याचा बाजार आहे. बाकीच्यांनी मायक्रो-एटीएक्स घ्यावा आणि बोर्डाच्या आधी कॅबिनेटच्या कागदावर कूलरची कमाल उंची किती लिहिली आहे ते बघावं. नाहीतर झाकण लागत नाही, मग ते काउंटरखाली पडतं, आणि कॉम्प्युटर वर्षभर उघडाच चालतो. त्याने तो थंड राहतो हे खरं, पण पाल कुठे बसते ते बघून मगच माउसला हात लावावा लागतो.