घमेल्यांचा ताळमेळ

आमच्या दुर्गसंवर्धन संस्थेच्या कार्यकारिणीत एक जागा रिकामी झाली आणि चौथ्याच दिवशी अण्णांचा अर्ज येऊन थडकला. नऊ पानी, स्पायरल बाइंडिंग केलेला, वर पारदर्शक प्लॅस्टिक. संस्थेची घटनासुद्धा एवढी जाड नाही.

अण्णा तुमच्याही सोसायटीत असतील. बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त. ज्येष्ठ नागरिक संघाचे सल्लागार, गणेशोत्सव मंडळाचे आधारस्तंभ, हास्यक्लबचे खजिनदार. हास्यक्लबला खजिना कशाला लागतो, हे मात्र विचारायचं नाही. विचारलं की अण्णा हसत नाहीत.

अर्जात 'किल्ल्यांवर किती वेळा गेलात?' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'सिंहगड, असंख्य वेळा.' खाली प्रामाणिकपणे, 'गाडीने.' संस्थेच्या मोहिमांतला सहभाग? 'मनाने सर्व.' विशेष कौशल्य? 'सभा चालविणे व तहकूब करणे.' सूचक त्यांचे व्याही, अनुमोदक त्यांचे दंतवैद्य.

मुलाखतीला अण्णा कात्रणांची फाईल घेऊनच आले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ते कात्रण सर्वांत वर. "साल्हेर, राजगड, खांदेरी... अकरा आपल्याकडे आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी," अण्णांनी बोटांवर हिशेब दिला. "आता आपला गड तेरावा करायचा!"

"अण्णा, तेरावा नका म्हणू हो," आमच्या अध्यक्षबाई कळवळल्या. "तो जगावा म्हणून तर धडपड चाललीय!"

मग अण्णा गडावरच्या पाण्याच्या टाक्याकडे वळले. टाक्याच्या काठाची भिंत ढासळलीय ना? सिमेंटच्या दहा गोण्या ते स्वतः देणार होते. शेजारी एक छोटीशी संगमरवरी पाटी. पाटीवर नाव कुणाचं, ते विचारायची गरज नव्हती.

आमच्यातला एक पोरगा चुन्याच्या कामातला दर्दी आहे. त्याने समजावलं, की जुन्या चुन्याच्या बांधकामातला ओलावा बाहेर पडायला वाट लागते. सिमेंट ती वाट बुजवतं, ओलावा दगडातच मुरतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. म्हणून चुना दिवसचे दिवस भिजत घालायचा, घाण्यात मळायचा, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं. आणि एवढं करूनही पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

अण्णांनी यातलं फक्त 'लेखी' ऐकलं. "परवानगीपत्राचा जावक क्रमांक?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पत्र होतं. कुणाच्या तरी सॅकमध्ये, रेनकोटच्या घडीत.

"बरं, चेंज रिपोर्ट?"

कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो. आमच्या तीन कार्यकारिण्या बदलल्या होत्या. कागदोपत्री अजून पहिलीच गड राखत होती आणि तिच्यातले दोघे अमेरिकेत स्थायिक झाले होते.

गाळ उपसता उपसता टाक्याच्या तळाशी जिवंत झरा लागला की आमच्या पोरांचे चेहरे जसे उजळतात, तसे अण्णा उजळले. तीन वर्षांचा थकीत कागद! त्यांना दुसरा गड नको होता. निवड एकमताने झाली.

पहिल्या मोहिमेला अण्णा आले ते पांढरेशुभ्र बूट, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि काखेत घडीची खुर्ची घेऊन. खुर्ची टाक्याच्या काठावर मांडली, वही उघडली. खाली घमेलं भरलं की पोरगा आरोळी देई, त्याची डाव्या पानावर रेघ. हातोहात वर येऊन रितं झालं की उजव्या पानावर रेघ. साखळी चालू होती, अण्णाही चालू होते.

पिठलं-भाकरी आली आणि शिट्टी वाजली.

"थांबा! भरली ४१२, रिती ४११."

"अण्णा, गाळ आहे तो. एखादं घमेलं इकडे तिकडे..."

"एका रुपयाच्या फरकासाठी मी रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवलीय," अण्णा म्हणाले. "आधी टॅली, मग थाळी."

आमची टाळाटाळ पाहून ते स्वतःच उठले. विजार दुमडली आणि बुटांसकट टाक्यात उतरले. पोटरीपर्यंत गाळ, वर शेवाळाचा वास. कोपऱ्यात घमेलं सापडलं, काठोकाठ भरलेलं. कुणीतरी तंबाखू मळायला म्हणून टेकवलं आणि विसरून गेलं होतं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी उचलून वर दिलं आणि ओरडले, "चारशे बारा!"

टाळ्या झाल्या. वर घ्यायला मी हात पुढे केला, तर म्हणाले, "आता उतरलोच आहे, तर पुढचं घमेलं इकडे द्या. वही तू धर. पण खाली सही माझीच राहील."

त्या मोहिमेचं इतिवृत्त अण्णांनीच लिहिलं. संस्थेच्या इतिहासातलं पहिलं टंकलिखित इतिवृत्त. शेवटच्या दोन ओळी अशा होत्या:

'गाळ : घमेली ५३८. ताळमेळ बरोबर.

पांढरे बूट, एक जोड : निर्लेखित.'