आज बसायचं कुठं?

बायकोला मी बावीस वर्षं एकच थाप मारत आलो : "मिटिंग आहे, उशीर होईल." त्यामुळे डॉक्टरांनी खरोखरच मिटिंगला जायला सांगितलं, तेव्हा माझी पंचाईत झाली. चपला घालता घालता पुटपुटलो, "मिटिंगला जाऊन येतो." आतून आवाज आला, "अहो, आठ दिवस सलाइन लावून पडला होतात. निदान थाप तरी नवी शोधायची!"

ते आठ दिवस हात थरथरायचे थांबेपर्यंत गेले. रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, असा दम डॉक्टरांनी भरला होता. निघताना त्यांनी मिटिंगचा पत्ता चिठ्ठीवर खरडला. त्यातले 'माहीम', 'चर्च', 'बुधवार', 'सात' एवढेच शब्द मला लागले. उरलेले केमिस्टला लागले असते, पण तिथं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

आता गंमत बघा. याच सेक्रेटरींच्या देखत वाइन शॉपच्या जाळीतून हात घालून "एक क्वार्टर, सुट्टे आहेत" असं मी खणखणीत आवाजात सांगितलेलं आहे. २ ऑक्टोबरच्या ड्राय डेला दादर ते सायन कुठल्या शटरवर किती वेळा टकटक करायची, हे मला तोंडपाठ. पण 'दारू सोडायची मिटिंग कुठं भरते हो?' एवढं विचारायला जीभ उचलेना.

माहीमच्या चर्चपाशी पोचलो आणि थक्क झालो. ही एवढी रांग! बायका, म्हातारे, कॉलेजची पोरं. मनात म्हटलं, अरे, अख्खी मुंबई दारू सोडतेय आणि आपल्याला पत्ताच नाही! ऊर भरून आला. मीही शेवटी जाऊन उभा राहिलो. बुधवारी इथं नोव्हेना असतो आणि सगळ्या धर्मांची माणसं नवस बोलायला येतात, हे मुंबईत जन्म काढलेल्या मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझे बुधवार वेगळ्या ठिकाणी जात.

बाहेर मेणाच्या वस्तू विकणारी एक मावशी होती. ज्याचं दुखणं तो अवयव वाहायचा. कुणी हात घेतो, कुणी पाय, कुणाला घर हवं असतं, कुणाला बाळ.

"काय देऊ?"

"लिव्हर आहे?" मी हळूच विचारलं.

तिनं मला नखशिखांत न्याहाळलं. "लिव्हर न्हाई. डोकं घ्या. सगळं तिथनंच सुरू होतं."

घेतलं डोकं. खिशात घातलं आणि रांगेतून सटकलो. त्या भागात माझ्या ओळखीचा माणूस एकच, कोपऱ्यावरच्या बारचा वॉचमन. लांबूनच त्यानं सलाम ठोकला आणि दार उघडलं. आतली थंड हवा आणि तळलेल्या पापडाचा वास एकदम अंगावर आला. मी डोळे मिटून चिठ्ठी पुढे केली. त्यानं ती सहज वाचली. "शाळा लिहिलंय, साहेब. दोन गल्ल्या सोडून. मागच्या दारानं जा. आपले पुष्कळ जण असतात आता तिकडं." आणि त्यानं दार लावून घेतलं.

शाळा महापालिकेची, वर्ग दुसरीचा. भिंतीवर दोनाचा पाढा. दारातल्या गृहस्थांनी हसून हात जोडले, "या, बसा."

'बसा' म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं, काय करणार! आमच्यात 'बसायचं का?' याला एकच अर्थ. इथं पुढ्यात आला चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं. बाकात गुडघे असे अडकले की मनात आलं असतं तरी पळता आलं नसतं. पाळी आल्यावर मी नाव, आडनाव, हुद्दा, फ्लॅट नंबर सगळं सांगून टाकलं. "नुसतं नाव पुरे," गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की हे सगळं १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एका शेअरदलालानं आणि एका सर्जननं सुरू केलं, दोघेही अट्टल. एकानं दुसऱ्याशी बोलत राहायचं आणि आजच्या दिवसापुरती प्यायची नाही. फी नाही, सोडायची इच्छा असली की झालं.

शेवटी खर्चासाठी पिशवी फिरली. मी पाकीट काढायला गेलो, तर आधी मेणाचं डोकं बाकावर पडलं आणि पाठोपाठ माझा पिण्याचा आजीवन परवाना. महाराष्ट्रात तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून देतात. म्हणजे कायद्यानं मी इतकी वर्षं प्रकृतीच सांभाळत होतो! आता हसतील म्हणून मान खाली घातली. शेजारचे आजोबा डोकं उचलून म्हणाले, "मी पाय घेतला होता. पिऊन जिन्यावरनं पडलो तेव्हाचा."

घरी नऊला पोचलो. बायकोनं दारातच वास घेतला. मग पुन्हा घेतला. "चहा?" तिनं विचारलं. आवाजात संशय होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

आज एकेचाळिसावा दिवस. मिटिंग दर बुधवारी सातला असते. पुढचं फाटक बंद असतं आणि पाटी लावलेली नाही. विचारायची लाज वाटली तर कोपऱ्यावरच्या वॉचमनला नुसती चिठ्ठी दाखवा.