लाडू सगळ्यांचे, वजन तिचं

बाळंतिणीचं वजन वाढवायला अख्खं खानदान राबतं. माहेरी पाऊल टाकल्यापासून डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, वर तुपाची धार. सकाळी हळिवाची खीर, दुपारी दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी, आणि जोडीला "खा गं, अंगावर पाजतीस" हा जप. सव्वा महिन्यानं बाई सासरी येते, बाळ बघायला आत्या-मावश्या जमतात आणि त्यातलीच एक म्हणते, "अगं बाई, किती सुटलीस!" म्हणणारीच्या हातात त्याच डब्यातला लाडू असतो, अर्धा खाल्लेला.

या तडाख्यातून 1994 ची मिस वर्ल्डही सुटली नाही. ऐश्वर्या रायला नोव्हेंबर 2011 मध्ये मुलगी झाली आणि पुढच्या वर्षी ती कानच्या महोत्सवाला गेली, तेव्हा देशाला चिंता पडली ती तिच्या वजनाची. तिथं नव्या जालन्यातल्या आमच्या सूनबाईची काय कथा!

तर सूनबाई जिम लावते. लेडीज बॅच दुपारी बारा ते चार. सकाळ-संध्याकाळची गार हवा पुरुषांच्या छात्यांसाठी राखीव. दुपारी पत्र्याखाली, मे महिन्यात, जालन्यात, घाम गाळायला मशीन कशाला लागतं तेवढं एक मला अजून कळलेलं नाही. शिवाय ही वेळ बाळ झोपण्याची, म्हणजे खरं तर रात्रभर जागलेल्या आईनं डोळा मिटायची. पण वजन कमी करायचं तर झोप कमी करा, असा हिशेब कुणीतरी परस्पर लावून टाकलाय.

आपला जिल्हा तसा बलोपासनेचं माहेरच. समर्थ रामदासांचा जन्म 1608 सालचा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. पुढं नाशिकजवळ टाकळीला ते रोज बाराशे सूर्यनमस्कार घालायचे, असं परंपरा सांगते. आमच्या घरातले काका हा दाखला सुनेला हमखास देतात. त्याआधीची गोष्ट मात्र गाळतात. समर्थ "सावधान" ऐकताच लग्नाच्या मांडवातून निघून गेले होते. घरात तान्हं नाही, कुकर नाही, नळाला पाणी कधी येतंय याकडे कान नाही. बाराशे होणारच.

जिममधला ट्रेनर बावीस वर्षांचा. तो विचारतो, "मॅडम, टार्गेट काय?" आणि उत्तराची वाट न बघता पोटाचे क्रंचेस चालू करतो. दंडाचा एकेक स्नायू त्याला तोंडपाठ. पण गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेवर एकमेकांपासून लांब होतात, हे त्याच्या कोर्समध्ये कुणी सांगितलेलं नसतं. उताणं झोपून मान जरा उचलली आणि बेंबीपाशी दोन-तीन बोटं आत बुडाली, तर ती फट अजून भरलेली नाही. तशात क्रंचेस मारले की पोट आत जायच्या ऐवजी मधोमध उंचवटा येतो. मग ट्रेनर म्हणतो, "मॅडम, अजून दोन सेट."

आणि उड्या. जंपिंग जॅक म्हटलं की आमच्या बॅचमधल्या निम्म्या बायका हळूच पाणी प्यायला जातात. उडी मारली, शिंक आली, खोकला आला की कपडे ओले होतात, हे बोलायचं कुणाशी? त्या बावीस वर्षांच्या पोराशी? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम अर्नोल्ड केगेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं 1948 सालीच छापून ठेवलाय. त्याला मशीन लागत नाही, फी लागत नाही, भाजी निवडतानाही होतो. बहुधा म्हणूनच कुठल्या पॅकेजमध्ये तो बसत नसावा. पॅकेजमध्ये पावडरीचा डबा बसतो.

घरी दुसरी आघाडी. "व्यायामानं दूध आटतं." आटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 साली बाळंत झालेल्या बायकांनाही आठवड्याला दीडशे मिनिटं बेताचा व्यायाम सांगितलाय, डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवत. दूध आटतं ते उपाशी राहून. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज जवळपास 600 कॅलरी जास्त लागतात. तेव्हा लाडवाची काही चूक नाही. लाडू ज्या बाईसाठी ठरला, ती दीड-दोन महिन्यांनी खुरपं घेऊन रानात जायची. आपण खुराक तिचा ठेवला आणि बाईला पलंगावर बसवून वर "बाळंतिणीनं हलू नये" म्हणून दटावलं.

ती रानातली बाई काही पुराणकाळातली नाही. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडमधून दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला जातात त्यांत ती आजही आहे. फडाशेजारच्या कोपीत बाळंत होते आणि अंग सावरायच्या आत उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढते, कारण खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. तिला कुणी "सुटलीस" म्हणत नाही. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 ची सरकारी पाहणी सांगते. एकीला व्यायामाला एक तास मिळत नाही, दुसरीला विसाव्याला एक दिवस. लाडवाचा डबाही दोघींच्या मधोमध फुटत नाही.

आमच्या सूनबाईचं तेच रडगाणं, तासाचं. तिला डाएट ठाऊक आहे, मोबाइलवर रोज सतरा येतात. बूट आहेत, फी भरलीय. बाळ कुणाकडे द्यायचं? सासूबाईंचे गुडघे, सासऱ्यांची वामकुक्षी, नवरोबा एमआयडीसीत. सल्ला द्यायला सात जण, बाळ घ्यायला एक नाही. जिमच्या दारावर पाटी: लहान मुलांना आत आणू नये. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. जिममध्ये बायका पैसे देऊन राबतात, त्यामुळं त्या कामगारांत मोडत नाहीत.

"जालना सोने का पालना" म्हणत आलेल्या शहरात एका मालकाला मी विचारलं, कोपऱ्यात एक पाळणा टाकाल का, आळीपाळीनं झोका देऊ आम्हीच. तो म्हणाला, "ताई, आयडिया चांगलीय, पण जागा कुठंय?" कोपऱ्यात उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यांचा दहा फुटी फ्लेक्स टेकवून ठेवला होता.