आचाऱ्यांना आचार्य करणाऱ्यास खुले पत्र



तुमचं नाव मला माहीत नाही. पाटीच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याने आपलं नाव घालावं अशी आपल्याकडे पेंटर मंडळींची जुनी रीत आहे. तुम्ही ते घातलेलं नाही, आणि पाट्या वाचल्यावर का घातलं नसेल ते कळलं. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

गेल्या वैशाखात माझ्या भाचीचं लग्न झालं. त्या मंगल कार्यालयातल्या सगळ्या पाट्या नव्या कोऱ्या, तुमच्या हातच्या. प्रवेशद्वारावर ‘वर्हाडी मंडळींचे स्वागत’. जिन्याशी ‘पायर्यांवर बसू नये’. जेवणाच्या दालनाबाहेर ‘दुसर्या पंगतीसाठी येथे थांबावे’. आणि स्वयंपाकघराच्या दारावर, हातभर लांब, लालभडक अक्षरांत ‘फक्त आचार्यांसाठी’. त्या दारातून घामाघूम झालेला एक माणूस झारा घेऊन बाहेर आला. तो आचारी होता, चांगला आचारी होता, त्याची मठ्ठ्याची चव अजून जिभेवर आहे. त्याला आचार्य करून तुम्ही त्याचा मान वाढवला नाहीत. त्याच्या धंद्याचं नाव पुसलंत.

माझी नात दुसरीत आहे. या वयात मुलं दिसेल ते मोठ्याने वाचतात: बिस्किटाचा पुडा, गाडीची नंबरप्लेट, औषधाची बाटली. जिन्यापाशी ती अडली. रफार शाळेत नुकताच शिकलेली, त्यामुळे ‘य’वर जोर देऊन तिने ‘पायर्‌-या’ असं वाचलं आणि विचारलं, “आजी, हे काय असतं?” तिच्या पायाखाली पायरी होती, डोळ्यांसमोर तोच शब्द होता आणि दोन्हींचा तिला मेळ लागेना. पोरीचं वाचन बिनचूक होतं. चूक तुमची होती.

ती चूक नेमकी कुठे आहे ते सांगते, कारण तुम्हाला ती दिसली असती तर तुम्ही केली नसती, एवढा विश्वास मी अजून ठेवते. मराठीत र दोन तऱ्हांनी य किंवा ह ला जोडला जातो. एक रफार, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसणारा: आचार्य, सूर्य, कार्य. तो आला की मागच्या अक्षरावर आघात पडतो. दुसरा, अक्षराच्या डाव्या अंगाला कोयरीसारखा वळलेला ऱ: आचाऱ्यांना, पायऱ्या, वऱ्हाड. इथे आघात नाही. र हलकेच य ला टेकतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द तोंडाने म्हणून बघा. कानाला फरक कळेल. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आणि ही काही पंडितांच्या पोथीतली दुर्मीळ जोडाक्षरं नव्हेत. पायरी, शेजारी, व्यापारी, दुसरा, गोरा या शब्दांना विभक्ती लावली किंवा अनेकवचन केलं की मराठी माणसाला दर दहा वाक्यांत हा ऱ लागतो. हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या मांडणीत तो गळतो. तुम्ही मात्र मराठी लग्नघरासाठी पाट्या करत होता.

आचार्य अत्रे सासवडचे, कऱ्हाकाठचे. त्यांच्या नावाआधीच्या बिरुदात रफार आहे आणि ‘कऱ्हेचे पाणी’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावात अर्धा ऱ. एकाच मुखपृष्ठावर दोन्ही र शेजारी शेजारी नांदतात. ते पुस्तक कुठल्याही वाचनालयात मिळेल. पाटी करण्याआधी नुसतं मुखपृष्ठ पाहिलं असतंत तरी पुरलं असतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आहेराची भांडी मांडताना मला तुमच्याविरुद्धचा खरा पुरावा सापडला. आमच्या चाळीतल्या लोकांनी वर्गणी काढून स्टीलचं पिंप दिलं होतं. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं: ‘शेजाऱ्यांकडून सप्रेम भेट’. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. दुकानाच्या तोंडाशी बसतो, हातात ती घरघरणारी विजेची लेखणी, समोर गिऱ्हाइकांची रांग. कागदावर लिहून दिलेलं बघतो आणि थेट पत्र्यावर उतरवतो. तिथे खोडरबर नाही. एक ठिपका चुकला की पिंप वाया. गोल पत्र्यावर, वळत्या पृष्ठभागावर, त्या माणसाने अर्धा ऱ असा काढला होता की कोयरीची शेपटी य ला नेमकी जिथे टेकायला हवी तिथे टेकली होती. वरची शिरोरेषाही सरळ. मी चष्मा लावून तीनदा पाहिलं. नातीला जवळ बोलावून दाखवलं. तिने त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत पहिल्या झटक्यात वाचलं, “शेजाऱ्यांकडून.” मग थोडं थांबून म्हणाली, “असंच पायऱ्या?” हो बाळा, असंच पायऱ्या.

पत्र्यावर कोरणाऱ्याला जे जमलं ते तुम्हाला, पडद्यावर हजारदा पुसून पुन्हा काढायची सोय असताना जमलं नाही. संगणकाकडे बोट दाखवू नका. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःची जागा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर र आहे तीच कळ शिफ्टसह दाबली की ऱ उमटतो; मग पाय मोडायचा, मग य. तीन कळा. ‘पिण्याचे पाणी’ या तुमच्या पाटीवर वेलांटी प च्या डोक्यावरून सुटून पुढच्या अक्षरावर जाऊन पडली आहे आणि ण चा पाय मोडलेला उघडा दिसतो आहे, त्याचंही कारण तुम्हाला ठाऊक असायला हवं. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी अक्षरजुळणीची वेगळी निवड करावी लागते; ती न करता मजकूर चिकटवला की जोडाक्षरं विस्कटतात. ती निवड एकदा करायची असते. एकदा. तुम्ही ती केली नाहीत, आणि छापण्याआधी पाटी वाचलीही नाहीत.

शिवाय अक्षरं ताणलीत. ‘फक्त आचार्यांसाठी’ हे दाराच्या रुंदीत बसवायला तुम्ही आडवं खेचलं, म्हणून उभे दांडे जाडजूड झाले आणि शिरोरेषा सुतळीसारखी बारीक राहिली. रुंद अक्षर हवं होतं तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्यायचा. फॉन्टला पैसे पडतात असंही नाही; मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ कुणालाही फुकट वापरता येतात. या भाषेत कमल शेडगे यांनी आयुष्यभर नाटकांच्या जाहिरातींसाठी अक्षरं काढली. नाटक न पाहिलेल्या माणसालाही त्या नावाच्या वळणावरून ते शोकांत आहे की फार्स ते कळे. र. कृ. जोशींनी संगणकासाठी ‘मंगल’ घडवला. त्याआधी शिशाच्या खिळ्यांच्या काळात जुळारी ऱ्य चा खिळा शोधून, उचलून ओळीत बसवत. इतक्या हातांनी सांभाळत आणलेली गोष्ट तुमच्या टेबलापाशी येऊन सांडली.

२०२२ मध्ये राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. नावाची पाटी देवनागरीत, मराठीत हवी आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असं त्यात आहे. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. कायदा अक्षराचा आकार मोजू शकतो. ‘पायर्यांवर’ ही अक्षरं मोठी आहेत, त्या मापात बसतात, आणि चुकीची आहेत. मोठी असल्यामुळे ती चूक लांबूनही वाचता येते.

मी अक्षर शिकले ते शाळेच्या आधी. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मोठ्या आकड्यांवर आई माझं बोट ठेवायची. लाल तारीख म्हणजे सुट्टी, हे अंकाच्या आधी कळलं. फडताळातल्या डब्यांवर वडिलांनी ब्रशने लिहिलेलं ‘साखर’, ‘रवा’, ‘पोहे’. एसटीच्या कपाळावरची गावांची नावं. यांतलं कुणी आम्हाला शिकवायला बसलं नव्हतं, तरी आम्ही शिकत होतो, कारण लिहिणाऱ्याने प्रत्येक अक्षर वाचलं जाणार हे धरूनच लिहिलेलं असायचं. तुमच्या पाट्यांखालून दर मुहूर्ताला पाचशे माणसं जातात आणि त्यांत कितीतरी दुसरीतली मुलं असतात.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त पुन्हा सुरू होतील. तोवर त्या पाचही पाट्या उतरवा आणि नव्या करा. मजकूर मी हाताने, ठळक लिहून कार्यालयाच्या व्यवस्थापकांकडे दिला आहे. ऱ भोवती लाल शाईने गोल केला आहे. सगळ्या एकदम जमणार नसतील तर स्वयंपाकघराच्या दारावरची आधी बदला.

आपली,
वधूची आत्या